आभाळातला धूर, वाऱ्यावरची धूळ आणि एक लाल ठिपका



मागच्या गाळप हंगामाच्या अखेरीची गोष्ट. भर दुपारी एक ऊस बागायतदार माझ्या कार्यालयात आले. हातात मोबाइल, चेहरा तापलेला. खुर्चीवर बसण्याआधीच त्यांनी मोबाइल माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाले, "साहेब, आता बघा. वरनं उपग्रहानं टिपलंय. आता त्यो नाही म्हणून दाखवू दे!"

प्रकरण असे होते. त्यांच्या बांधाला लागून ज्यांचे रान आहे, त्यांचा ऊस आठवड्यापूर्वी तुटला होता. मागे पाचट पडले होते. एके दिवशी त्या पाचटाला आग लागली, वारा फिरला आणि आग बांध ओलांडून आली. ह्यांच्या ठिबकच्या नळ्या जळाल्या, आठ-दहा गुंठे उभा ऊस होरपळला. शेजारी म्हणतात, मी काडी लावलीच नाही. रस्त्याने जाणाऱ्या कुणीतरी विडी टाकली असेल. साक्षीदार कोणी नाही. मग ह्यांच्या कॉलेजात शिकणाऱ्या मुलाने मोबाइलवर जगाचा नकाशा उघडला, आपले गाव शोधले, त्या दिवसाची तारीख लावली. आणि काय? नेमका त्यांच्या शिवारात एक लाल ठिपका! वेळ दुपारी पावणेदोनची.

मी चहा मागवला. जे सांगायचे होते ते त्यांना आवडणारे नव्हते, म्हणून आधी चहा.

तो ठिपका काय असतो, कोण काढतो, त्यावर विश्वास किती ठेवावा, हे त्या दिवशी मी त्यांना सांगितले. तेच आज तुम्हा सर्वांना जरा सविस्तर सांगतो. कारण मोबाइल आता घरोघर आहे आणि असे ठिपके घेऊन भांडणारे उद्या आणखी निघतील.

उपग्रहाचे फोटो आपल्याला नवे नाहीत. १९८३ साली इन्सॅट-१ बी वर गेला, आणि पुढे दूरदर्शनच्या बातम्यांत ढगांचे चित्र पाहून पाऊस येणार की हुलकावणी देणार, असा अंदाज घराघरांत बांधला जाऊ लागला. पण ढग दिसणे सोपे. धूर आणि धूळ ही पातळ, पसरट, अर्धवट पारदर्शक. ती ओळखायला नजर तयार असावी लागते.

आकाशात दोन तऱ्हेचे पहारेकरी आहेत असे समजा. एक माळ्यावर बसलेला राखणदार. तो विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर, पृथ्वीबरोबरच फिरत असल्यामुळे आपल्याला एका जागी स्थिर भासतो. आपले इन्सॅट-३ डीआर आणि २०२४ च्या फेब्रुवारीत गेलेला इन्सॅट-३ डीएस हे त्या जातीचे. ते दर अर्ध्या तासाला आपल्या बाजूची सगळी पृथ्वी टिपतात. त्यामुळे धुळीचा लोट कुठून निघाला आणि कुठे चालला हे चलचित्रासारखे दिसते. मात्र लांबून बघत असल्याने बारकावे कमी.

दुसरा म्हणजे शिवारात फेरी मारणारा जागल्या. तो सात-आठशे किलोमीटर उंचीवरून उत्तर-दक्षिण घिरट्या घालतो. १९९९ साली सोडलेला टेरा, २००२ चा अ‍ॅक्वा, २०११ चा सुओमी एनपीपी आणि त्यानंतरचे त्याचे भाऊबंद असे हे अमेरिकेचे उपग्रह. टेरा आणि अ‍ॅक्वा आता म्हातारे झाले, त्यांच्या फेरीची वेळही सरकू लागली आहे. पण वीस-पंचवीस वर्षे त्यांनी जी चाकरी केली तिला तोड नाही. हा जागल्या जवळून बघतो, नीट बघतो, पण आपल्या गावावरून तो साधारण दुपारी दीडच्या सुमारास एकदा आणि रात्री दीडच्या सुमारास एकदा जातो. मधल्या वेळात काय झाले ते त्याला ठाऊक नाही. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

आता धूर कसा ओळखतात? चित्रात ढग पांढरा शुभ्र आणि कडा उठावदार असतो. धुके सखल भागात दुधासारखे बसलेले असते. धूर निळसर-करडा, आणि त्याच्या शेपटीचे टोक धरून मागे गेले की आग सापडते. धूळ पिवळट-तांबूस, मळकट. दिवसा आणि विशेषतः समुद्रावर हे डोळ्यांनीही कळते, कारण खाली निळे पाणी असते. पण वाळवंटावर धूळ उडाली तर? खालीही पिवळे, वरही पिवळे! तेथे साधी नजर चालत नाही.

त्यावर शास्त्रज्ञांनी उष्णतेच्या किरणांचा उपाय काढला. जमीन रात्रंदिवस उष्णतेचे किरण वर सोडत असते. ते आपल्या डोळ्यांना दिसत नाहीत, उपग्रहाला दिसतात. त्यातल्या दोन जवळजवळच्या लहरी घेतात, सुमारे ११ आणि १२ मायक्रॉन लांबीच्या. धुळीतले बारीक खनिज कण ११ ची लहर जास्त अडवतात. पाण्याचे आणि बर्फाचे ढग नेमके उलटे, ते १२ ची जास्त अडवतात. दोन्हींची वजाबाकी केली की धूळ आणि ढग वेगळे पडतात, अगदी रात्रीसुद्धा. त्या वजाबाकीला रंग देऊन जी चित्रे काढतात, त्यात धूळ गुलाबी-जांभळी दिसते. पहिल्यांदा ते चित्र पाहिले तेव्हा मला वाटले, कुणी नकाशावर गुलाल सांडला आहे.

तिसरी एक युक्ती आहे, तिची कथा आपल्यासारख्यांना आवडेल अशी आहे. १९७८ साली निंबस-७ नावाचा उपग्रह गेला. त्यावरच्या एका यंत्राचे काम होते ओझोन वायू मोजणे, आणि त्यासाठी ते अतिनील किरण बघत असे. काही ठिकाणी त्याचे माप चुके. ती चूक काढून टाकायची म्हणून शास्त्रज्ञ तिच्या मागे लागले, तेव्हा नव्वदच्या दशकात उलगडा झाला की जेथे माप चुकते तेथे धूर किंवा धूळ तरंगत असते! खळ्यावर फोलकट म्हणून बाजूला सारलेल्या ढिगात दाणे सापडावेत तसे झाले. मग जुनी सगळी मापे पुन्हा काढून जगातल्या धुळीचा आणि धुराचा मागचा हिशेब मांडता आला. आज २०१७ पासून फिरणारा युरोपचा सेंटिनेल-५ पी उपग्रह याच पद्धतीने रोज मोजणी करतो.

एवढे असूनही एक अडचण राहतेच. उपग्रह वरून खाली बघतो. हवेच्या अख्ख्या थरात मिळून किती कण आहेत ते त्याला कळते. पण ते तुमच्या नाकापाशी आहेत की दहा किलोमीटर वर, हे त्या चित्रात दिसत नाही. वरून पाहून विहिरीचे पाणी किती खोल आहे ते कळत नाही, तसेच. कॅलिप्सो नावाचा एक उपग्रह लेसरचा झोत खाली सोडून, परत आलेल्या उजेडावरून धुराची उंची मोजत असे. २००६ ते २०२३ त्याने काम केले.

उंचीचा हा मुद्दा किती महत्त्वाचा आहे ते २०२५ च्या नोव्हेंबरात दिसले. २३ तारखेला, रविवारी, आफ्रिकेत इथिओपियाच्या अफार भागातील हायली गुब्बी नावाचा ज्वालामुखी फुटला. राख सुमारे १४ किलोमीटर उंच गेली. तांबडा समुद्र, येमेन, ओमान, अरबी समुद्र ओलांडून ती राख दुसऱ्या दिवशी रात्रीपर्यंत गुजरात, राजस्थान आणि दिल्लीवर आली. चार हजार किलोमीटरचा प्रवास दोन दिवसांच्या आत! विमाने रद्द झाली. माझ्याकडे द्राक्षबागायतदारांचे फोन सुरू झाले. "साहेब, घडांवर राख पडणार का? फवारणी थांबवू का?" मी सांगितले, खुशाल फवारा. ती राख विमानांच्या उंचीवर होती, आणि तिथला वारा तिला आपल्या डोक्यावरून थेट चीनकडे घेऊन गेला. तिचा माग उपग्रहांवरून तासातासाला लागत होता म्हणून तर विमाने वेळीच वळवता आली. आपल्या पानावर मात्र कण पडला नाही.

याच्या उलट उदाहरण २०२२ च्या जानेवारीतले. २२ तारखेला पाकिस्तानात कराचीकडे धुळीचे वादळ उठले. ती धूळ अरबी समुद्रावर आली, सौराष्ट्राला लागली आणि २३ तारखेला, तोही रविवारच होता, मुंबईवर उतरली. मोटारींवर पांढुरकी भुकटी बसली, सूर्य फिका पडला, दिवसाचे तापमान एकदम घसरले. पुण्याकडेही हवा गढूळ झाली. लोक विचारू लागले, कारखान्यात काही फुटले की काय? पण उपग्रहाच्या चित्रात निळ्या समुद्रावर ओढलेला मळकट पट्टा स्पष्ट दिसत होता. कराचीहून मुंबई जवळजवळ नऊशे किलोमीटर. ही धूळ खालच्या थरातून आली, म्हणून ती नाकातोंडात गेली. तिचा दोष कुणाच्या कारखान्यावर जाता जाता राहिला, हा त्या चित्राचा उपकारच म्हणायचा.

अशी धूळ हिवाळ्यात क्वचित येते. खरा मोसम म्हणजे जून ते ऑगस्ट. अरबस्तानातली धूळ तेव्हा समुद्रावर मोठ्या प्रमाणात तरंगत असते. आणि गंमत पाहा, ती धूळ सूर्याचे ऊन शोषून हवा तापवते, त्याने समुद्रावरून येणारे बाष्प जोरात ओढले जाते, आणि आठवड्याभरात मध्य भारतात पाऊस वाढतो, असे व्ही. विनोज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उपग्रहाची मापे व संगणकाचे गणित घालून २०१४ साली मांडले. म्हणजे ज्या धुळीला आपण शिव्या देतो ती कधी पावसाची पाहुणीही असते. अर्थात यावरून पेरणीचा मुहूर्त काढू नका!

पिकावरच्या धुळीबद्दल एवढेच सांगतो. परदेशी धुळीपेक्षा आपल्या गाडीवाटेची धूळ जास्त नडते. रस्त्याकडेच्या ओळींवर कोळी आधी दिसतो तो उगाच नाही. धुळीने माखलेल्या पानावर कोळ्याचे फावते आणि त्याला खाणारे मित्रकीटक मागे हटतात. वाटेवर पाणी मारा, कडेच्या ओळी स्वच्छ पाण्याने धुऊन घ्या. घरात दम्याचे कुणी म्हातारे माणूस असेल तर धुळीच्या दिवशी त्याला बाहेर पाठवू नका. तोंडाला बांधलेला पंचा किंवा पदर जाड धूळ अडवतो, धुराचे बारीक कण अडवत नाही. धुरातले बरेचसे कण केसाच्या विसाव्या-तिसाव्या हिश्श्याहूनही बारीक असतात आणि ते थेट फुप्फुसाच्या तळाशी जातात. भगिनींना एक वेगळे सांगायचे आहे. तुमच्या चुलीचा धूर या उपग्रहांना दिसत नाही. छपराखालचा धूर कुणाच्याच नकाशावर येत नाही, म्हणून तो कमी वाईट असे मुळीच नाही.

आता आगीकडे येतो. लोहाराच्या भट्टीतला लोखंडाचा तुकडा लाल होण्याच्या आधीच तापलेला असतो. डोळ्याला कळत नाही पण हात जवळ नेला की कळते. तसे तापलेल्या वस्तूचे किरण उपग्रहाला कळतात. सुमारे ४ मायक्रॉन लांबीची लहर आगीत फार जोरात निघते. उपग्रह एका चौकोनाची उष्णता शेजारच्या चौकोनांशी ताडून पाहतो. एखादा चौकोन बाकीच्यांहून फारच तापलेला दिसला की तेथे ठिपका देतो. चौकोनाच्या मानाने आग अगदी लहान असली तरी ती पकडली जाते, ही या पद्धतीची कमाल आहे. आपल्याकडे डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था याच ठिपक्यांवरून जंगलातल्या वणव्याचे इशारे वनखात्याच्या लोकांना मोबाइलवर पाठवते. त्याने कितीतरी जंगल वाचते.

ह्या ठिपक्यांनी सर्वांत जास्त गाजावाजा झाला तो पंजाब-हरियाणाचा. तेथे भात काढणीयंत्राने कापतात, मागे उभे धसकट आणि विस्कटलेला पेंढा राहतो. भूजल वाचावे म्हणून २००९ च्या कायद्याने भात लावणी उशिरावर नेली, त्यामुळे काढणी आणि गव्हाची पेरणी यांच्यामध्ये दोन-तीन आठवडेच उरतात. मजूर नाही, वेळ नाही, मग काडी. दिल्लीची भारतीय कृषी संशोधन संस्था उपग्रहावरून दरवर्षी १५ सप्टेंबर ते ३० नोव्हेंबर या आगी मोजते. पंजाबात २०२० साली ८३,००२ आगी मोजल्या गेल्या, २०२३ साली ३६,६६३, आणि २०२४ साली फक्त १०,९०९. आकडे पाहून कुणालाही आनंद व्हावा. पण २०२४ मध्येच नासाचे शास्त्रज्ञ हिरेन जेठवा यांनी एक शंका काढली. दर दहा मिनिटांनी चित्र घेणाऱ्या कोरियाच्या स्थिर उपग्रहात त्यांना दुपारनंतर, जागल्या निघून गेल्यावर, धुराचे लोट दिसत होते. उपग्रह दीडला जातो हे शेतकऱ्यांना ठाऊक झाले आणि आगी संध्याकाळवर गेल्या, असा त्याचा अर्थ. जळलेल्या रानाचे मोजमाप केले तर जाळणे कमी झाले आहे खरे, पण ठिपके जितके घटले तितके नाही.

यात मला हसू येत नाही. २०२४ च्या नोव्हेंबरात तिकडचा दंड दुप्पट झाला: दोन एकरांच्या आत ५,००० रुपये, दोन ते पाच एकरांना १०,०००, त्यापुढे ३०,०००. दंडाच्या भीतीने माणूस पहारा चुकवायला शिकतो, पेंढा जिरवायला शिकत नाही. यंत्रे गावात वेळेवर आली, पेंढ्याला गिऱ्हाईक मिळाले, तेव्हाच जाळणे खरे कमी होते. हिवाळ्यात सकाळी आपल्या चुलीचा धूर छपरावरच लोंबकळतो, वर जात नाही, हे तुम्ही पाहिले आहे. तसाच तो धूर तिकडे हिमालयाच्या पायथ्याशी अडकतो, आणि पंजाबपासून बिहारपर्यंत करडी गोधडी पसरल्यासारखा चित्रात दिसतो. त्यात शेतातला किती, मोटारींचा किती, कारखान्यांचा किती, हे ठरवण्याचे किचकट काम आपल्या पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेत होते.

असो. तर आपला लाल ठिपका.

चहा झाल्यावर मी त्या बागायतदारांना कागदावर चौकोन काढून दाखवला. ज्या उपग्रहाचा ठिपका त्यांच्या मोबाइलवर होता, त्याचा एक चौकोन ३७५ मीटर लांब आणि तितकाच रुंद. हिशेब करा: सुमारे १४ हेक्टर, म्हणजे जवळजवळ ३५ एकर. त्या ३५ एकरांत कोठेतरी काही तापलेले होते, एवढेच उपग्रह सांगतो. ठिपका चौकोनाच्या मध्यावर काढतात, म्हणून तो ज्या रानात दिसतो तेथेच आग होती असे नाही. त्यांच्या मुलाने नकाशा मोठा करून पाहिला होता, तेव्हा ठिपका कुठे पडला होता माहीत आहे का? तिसऱ्याच एका गृहस्थाच्या हळदीच्या रानात! ते बिचारे त्या दिवशी लग्नाला परगावी गेले होते. शिवाय त्या ३५ एकरांत एक वीटभट्टीही होती. भट्टीही तापते, आणि उपग्रहाला भट्टी आणि पाचट यांतला फरक दर वेळी करता येतोच असे नाही.

"आणि वेळ?" त्यांनी विचारले.

मी म्हटले, "तुमच्याकडे आग किती वाजता आली?"

थोडा वेळ गप्प बसून ते म्हणाले, "दिवस मावळायच्या टायमाला."

पावणेदोनचा ठिपका त्या आगीचा असेलच असे म्हणता येईना. दुपारी धुमसत राहून संध्याकाळी भडकले असेल, किंवा तो ठिपका भट्टीचाच असेल. दोन्ही शक्य आहे.

त्यांचा चेहरा उतरला. मग मी त्यांना दुसरा एक उपग्रह सांगितला. युरोपचे सेंटिनेल-२ नावाचे उपग्रह आहेत, पहिला २०१५ साली गेला. त्यांना आगीचा ठिपका नको असतो, ते उजेडात रानाचा फोटो काढतात, आणि त्यांचा चौकोन १० मीटरचा. दहा गुणिले दहा म्हणजे १०० चौरस मीटर, आणि आपला गुंठा १०१ चौरस मीटरचा. जवळजवळ गुंठ्याला एक चौकोन! एकाच जागेवरून ते साधारण पाच दिवसांनी जातात. ढग नसला की जळालेले रान त्यात काळे दिसते. आम्ही दोघांनी मिळून ते चित्र शोधले. मिळाले. शेजाऱ्यांचे सगळे रान काळे, बांध काळा, ह्यांच्या कडेचा पट्टा काळा. रस्त्याकडेची कडही काळीच. आग कुठवर पोहोचली ते गुंठ्यागुंठ्याने दिसत होते. सुरुवात कोठून झाली, आणि काडी होती की विडी, हे काही दिसेना.

"मंजे काय, उपेग नाहीच?" ते म्हणाले.

उपयोग आहे. नुकसान किती क्षेत्रावर झाले ते पंचनाम्याशी ताडून पाहायला ते चित्र चांगले. गुन्हेगार ठरवायला नाही. तलाठ्यांचा पंचनामा, पाइपची बिले, बांधावरची माणसे, हेच तेथे चालते. मी उलट त्यांना बजावले की हा ठिपका गावात दाखवत फिरू नका, नाहीतर हळदीवाल्याशीही वैर होईल.

यात माझी एक कबुली आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षांत खोडव्याचे पाचट पेटवताना मी बांधावर उभा राहिलो आहे, आणि एकदा तर काडीपेटी माझ्याच खिशातून निघाली. पुस्तकात काय लिहिले आहे ते मला ठाऊक होते. पण शेतकरी म्हणाला, "साहेब, उंदीर होतात, सापकिरडू बसतं, मशागतीला अडतं," आणि त्याला दुसरा मार्ग दाखवण्याइतका मी तयार नव्हतो. म्हणून आज हिशेब पुन्हा सांगतो. हेक्टरी ८ ते १० टन पाचट निघते. त्यातून जमिनीला ४० ते ५० किलो नत्र, २० ते ३० किलो स्फुरद, ७५ ते १०० किलो पालाश मिळू शकते, आणि मुख्य म्हणजे तीन-चार हजार किलो सेंद्रिय कर्ब. जाळल्यावर नत्र आणि कर्ब जवळपास सगळे आभाळात, म्हणजे त्याच धुरात, ज्याचे चित्र उपग्रह काढतो. पालाश राखेत राहते, पण वारा सुटला की राख कुणाच्या रानात जाईल याचा नेम नाही.

ऊस तुटल्यावर पाचट सरीत पसरून दाबा, बुडखे जमिनीलगत छाटा. पाचटावर एकरी ३२ किलो युरिया आणि ४० किलो सिंगल सुपर फॉस्फेट टाका, पाचट कुजवणारे जिवाणू ४ किलो शेणखतात मिसळून पसरा आणि पाणी द्या. पाणी वाचते, तण दबते. पहिले दोन महिने सुके पाचट पडून असते तेव्हा मात्र जपा, कारण शेजारच्या आगीची ठिणगी त्याला पुरते. कडेचा दोन-तीन हात पट्टा साफ ठेवा. हा धोका खरा आहे. शेतकरी तो सांगतात तेव्हा आमच्यातले काही अधिकारी ऐकून न ऐकल्यासारखे करतात.

महिन्याभराने मी त्या शिवारातून गेलो. नळ्यांचे पैसे मिळाले नव्हते. दोघे शेजारी एकमेकांशी बोलत नव्हते, पण पाण्याची पाळी ठरल्याप्रमाणे चालू होती. ह्यांनी आपले पाचट सरीत दाबले होते आणि बांधाकडचा पट्टा खरवडून स्वच्छ केला होता. मला पाहून ते वाफ्यातून बाहेर आले, आभाळाकडे एकदा बघितले आणि म्हणाले, "साहेब, त्यो गुंठ्याचा फोटू काढणारा परत कवा जाणार वरनं? माझं रान काळं नाही ह्ये त्यात उठायला पायजे."

मी मोबाइलवर पाहून सांगितले, येत्या गुरुवारी. ढग नसला तर.